बाकीबाब कुणाचे, हा वाद आता पुरे

दरवर्षी ३० नोव्हेंबर आला की आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम होतो. बा. भ. बोरकरांची, म्हणजे आपल्या बाकीबाबांची जयंती, त्यामुळे व्हॉट्सअॅपच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर 'माझ्या गोव्याच्या भूमीत' फिरायला लागतं, सोबत माडांचा नाहीतर मांडवीचा फोटो, आणि दुपारचं जेवण व्हायच्या आत कुणीतरी लिहितोच की बघा, गोव्याचा सगळ्यात मोठा कवी मराठी होता. लगेच दुसरा लिहितो, अहो पण साहित्य अकादमी त्यांना कोंकणीसाठी मिळाली. मग तिसरा १९८७ चा राजभाषा कायदा काढतो, चौथा १९६७ चा सार्वमत कौल काढतो, आणि संध्याकाळी अॅडमिन हात जोडून सांगतो की ग्रुपवर राजकारण नको. या सगळ्या गदारोळात कविता किती जणांनी वाचली ते देवाला ठाऊक.

माझं म्हणणं असं की गोव्याचे बरेचसे मोठे लेखक दोन भाषांतले आहेत आणि आपण त्यांना अर्धंमुर्धं वाचतो. मराठीवाले मराठीतलं वाचतात, कोंकणीवाले कोंकणीतलं, आणि अख्खा माणूस कुणाच्याच वाट्याला येत नाही. राजभाषेचं भांडण विधानसभेत घाला, कोर्टात घाला, रस्त्यावर घाला, माझी ना नाही. पण त्या भांडणापायी लेखकांची वाटणी केली आहे ती थांबवा, त्यांना एकत्र छापा आणि एकत्र शिकवा.

आता यावर कुणी म्हणेल, तू कोण मोठा शहाणा. मी काय, गोव्यातल्या हजारो लोकांसारखाच. घरात आईशी बोलतो कोंकणी, सकाळी पेपर वाचतो मराठी, देवळात आरती मराठी, बाजारात घासाघीस कोंकणीतून आणि सत्कार समारंभातलं भाषण परत मराठीतून. जनगणनेवाला आला की मात्र मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव घालायचं. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी ६६ टक्के आणि मराठी साधारण ११ टक्के अशी नोंद आहे. ११ टक्क्यांच्या भाषेत एवढी दैनिकं निघतात, गावोगावच्या जत्रांना रात्रभर मराठी नाटकं होतात, आणि ६६ टक्क्यांच्या भाषेतलं 'सुनापरान्त' हे दैनिक २०१५ साली बंद पडलं. म्हणजे रकान्यात एक आणि व्यवहारात दुसरं असं आपलं चाललेलंच आहे, मग लेखकांनीही तसंच केलं तर त्यात काय बिघडलं?

बोरकरांचंच घ्या. १९१० साली कुडचड्याला जन्म, पहिला मराठी संग्रह 'प्रतिभा' १९३० चा, मग 'जीवनसंगीत', 'दूधसागर', 'आनंदभैरवी', 'चित्रवीणा'. आणि 'चित्रवीणा' येते त्याच १९६० च्या सुमाराला 'पांयजणां' हा कोंकणी संग्रह पण येतो. हे जरा थांबून बघा. एकच माणूस, तेच वय, तोच समुद्र, तीच बाई आणि तोच देव, आणि कविता दोन भाषांत चाललीय. जगातल्या कुठल्याही साहित्याच्या अभ्यासकाला असली जोडी मिळाली तर तो नाचेल. आपल्याकडे मराठीचा विद्यार्थी 'चित्रवीणा' वाचतो नि थांबतो, कोंकणीचा विद्यार्थी 'पांयजणां' वाचतो नि थांबतो.

मला स्वतःला विचाराल तर मराठीतले बोरकर कधी कधी जरा जास्तच नटतात, संस्कृत शब्दांचे अलंकार, संतांच्या चालीचं वळण, प्रत्येक ओळ कशी समारंभाला निघाल्यासारखी, आणि कोंकणीत तेच बोरकर घरच्या कपड्यांत बसलेले दिसतात. याचा अर्थ कोंकणी बोरकर श्रेष्ठ असा नाही हं. मराठीत त्यांना जी उंची मिळते, तो जो एकदम आभाळाला हात घालणारा सूर लागतो, तो त्या नटण्यामुळेच लागतो, आणि कोंकणीत कधी कधी गोडव्यावरच गाडी अडते. पण हे बोलायला दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी हवीत ना. आणि हा माणूस नुसता कवी पण नव्हता. 'भावीण' नावाची त्यांची कादंबरी आहे, देवळाच्या सेवेला बांधल्या गेलेल्या बायांच्या जगातली, मराठीत, आणि गोव्याबाहेर कुणाला तिची वार्ताही नाही. गोव्यात तरी किती जणांना आहे म्हणा.

शंकर रामाणींची गोष्ट याहून वाईट. 'दिवे लागले रे' हे गाणं ऐकून डोळे मिटून माना डोलावणारे शेकड्याने मिळतील, कवी कोण विचारलं तर कुसुमाग्रजांपासून सुरेश भटांपर्यंत सगळी नावं येतील, रामाणी येणार नाहीत. मूळचे गोव्याचे, राहिले बेळगावात, म्हणजे आधीच दोन्हीकडच्या कट्ट्यांपासून लांब, त्यात स्वभाव मागे मागे राहण्याचा. 'कातरवेळ', 'आभाळवाटा', 'पालाण', 'दर्पणीचे दीप' असे मराठी संग्रह, कमी शब्दांची, आत आत वळत जाणारी कविता, एकदा वाचून हाती लागत नाही आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर सोडत नाही. आणि मग कोंकणीत 'निळें निळें ब्रह्म', ज्याला १९९६ ची साहित्य अकादमी मिळाली. हा अंधाराचा कवी आहे, निराशेचा म्हणत नाही मी, अंधार नीट न्याहाळणारा. तो अंधार मराठीत कसा दिसतो आणि कोंकणीत कसा, यावर एखादा प्रबंध सहज होईल.

अकादमीवरून आठवलं. बोरकरांना अकादमी १९८१ ची, 'सासाय' या कोंकणी संग्रहाला. लक्ष्मणराव सरदेसाईंना १९८२ ची, कोंकणी पुस्तकाला. रामाणींना १९९६ ची, तीही कोंकणीलाच. तिघांचीही अर्धी-अधिक हयात मराठीत लिहिण्यात गेलेली, तिघांचंही नाव आधी मराठीत झालेलं, आणि मराठीत तिघांनाही अकादमी नाही. आता कोंकणीवाले याचा अर्थ असा लावतात की खरी प्रतिभा शेवटी मातृभाषेत फुलली. मराठीवाले म्हणतात, कोंकणीत स्पर्धा कमी म्हणून मिळाली. दोन्ही बाता. मला यात दिसतं ते वेगळंच. मराठीचं केंद्र पुण्या-मुंबईला, त्या केंद्राच्या नजरेत गोवा म्हणजे एक सुंदर टोक, सुट्टीत जायचं ठिकाण, आणि तिथला लेखक म्हणजे 'गोमंतकीय' लेखक, मुख्य यादीच्या खाली वेगळ्या ओळीत लिहायचा. कोंकणीला १९७५ साली अकादमीने स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि तिला मोठी नावं हवीच होती, तिने ती उचलली. यात कोंकणीने काही चोरलं नाही. मराठीने अंगणात ठेवलेलं तिने घरात नेलं इतकंच.

लक्ष्मणराव सरदेसाई हे नाव आज तिशीतल्या कुठल्याही गोंयकाराला विचारून बघा. सावईवेऱ्याचा माणूस, मराठी लघुकथेचा तो जोरात असलेला काळ, आणि हे गोव्यातून कथा पाठवतायत. 'कल्पवृक्षाच्या छायेत', 'सागराच्या लाटा', 'ढासळलेले बुरूज'. त्यांच्या कथांत गोव्यातली हिंदू घरं आहेत तशी ख्रिस्ती घरंही आहेत, भाटकार म्हणजे जमीनदार आहे, कुळागर म्हणजे माडा-पोफळीची बाग आहे, समुद्र आहे, पोर्तुगीज राज्याची सावली आहे. मराठी वाचकाला ख्रिस्ती शेजारी आपल्या घरात बसून बोलतोय असं दाखवणारे लेखक त्या काळात होते किती? त्यांच्या आधीच्या पिढीत वि. स. सुखठणकरांनी 'सह्याद्रीच्या पायथ्याशी' मधून गोव्याचं गावजीवन मराठी कथेत आणलं होतंच, लक्ष्मणरावांनी ते पुढे नेलं. आणि उतारवयात हा माणूस कोंकणीत लिहायला लागला, तिथेही मनापासून. मराठीवाल्यांतले काही तेव्हा रागावले, आपला गडी पलीकडे गेला म्हणून. कोंकणीवाल्यांनी स्वागत केलं पण आधीच्या मराठी कथांवर जणू पडदाच टाकला. झालं काय, तर मराठीतले लक्ष्मणराव वारसाशिवाय राहिले आणि कोंकणीतले लक्ष्मणराव मुळाशिवाय.

आणि हे काही विसाव्या शतकातलं फॅड नाही. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' आपण सगळे जाणतो, निदान त्यातली मराठीची थोरवी सांगणारी ओवी जाणतो, कारण गोव्यातल्या कुठल्याही मराठी मेळाव्याचं सूत्रसंचालन तिच्याशिवाय सुरूच होत नाही. १६१६ साली रायतूरला छापलं गेलेलं हे पुराण, दहा हजारांवर ओव्या, इंग्लंडहून आलेल्या पाद्रीने लिहिलेल्या. आता हाच स्टीफन्स कोंकणीचं व्याकरण लिहितो, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापलं जातं, कोंकणीतून 'दौत्रिन क्रिस्तां' हे ख्रिस्ती धर्मशिकवणीच्या प्रश्नोत्तरांचं पुस्तक लिहितो, ते १६२२ ला येतं. कोंकणीवाल्यांच्या भाषणात हे दोन ग्रंथ येतात आणि पुराण गायब होतं, मराठीवाल्यांच्या भाषणात पुराण येतं आणि व्याकरण गायब. चारशे वर्षांपूर्वीचा परदेशी माणूस दोन्ही भाषा शिकला, त्याला कळलं की इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय मराठीत आहे आणि प्रश्नोत्तरं त्यांच्या रोजच्या बोलण्यातच हवीत. एवढा साधा समंजसपणा आपल्याला झेपत नाही.

त्याच्याही आधी केळशीचा कृष्णदास शामा. त्याची मराठी 'श्रीकृष्णचरित्रकथा' शके १४४८ ची, म्हणजे १५२६. आणि पोर्तुगालातल्या ब्रागाच्या ग्रंथालयात ज्या कोंकणी गद्यातल्या रामायण-महाभारताच्या कथा सापडल्या त्यांच्याशीही अभ्यासक त्याचंच नाव जोडतात. पणजीच्या पाटो भागातल्या राज्य ग्रंथालयाला आपण त्याचं नाव दिलंय. नावं देण्यात आपण कुणाला ऐकणार नाही. पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला संतकवी सोहिरोबानाथांचं नाव, कला अकादमीच्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथांचं नाव. पाटी लावली, नारळ फोडला, फोटो काढला, झालं. त्या कॉलेजातल्या किती मुलांनी सोहिरोबांची चार पदं सलग वाचलीत, हे विचारायला गेलो तर प्रिन्सिपलसाहेब रागावतील.

मग ही वाटणी झाली कशी? सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. १६ जानेवारी १९६७ चा सार्वमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं. फरक ३४,०२१ चा. त्या निवडणुकीत भाषा हे हत्यार झालं, कारण विलीनीकरणवाल्यांचा मुद्दाच हा होता की कोंकणी ही मराठीची बोली आहे, त्यामुळे गोवा महाराष्ट्राचाच. ज्याला विलीनीकरण नको त्याला मग कोंकणी स्वतंत्र आहे हे सिद्ध करणं भाग पडलं. पुढे १९८५ ते ८७ चं आंदोलन, माणसं मेली त्यात, मग १९८७ चा राजभाषा कायदा, कोंकणी राजभाषा आणि मराठीला वापराची मुभा, दोन्हीकडे समाधान नाही. त्यानंतर ३० मे १९८७ ला घटक राज्य. १९९२ ला कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत. २०२४ ला मराठी अभिजात झाली आणि परत जुने फलक बाहेर निघाले.

या सगळ्यातून एक सवय लागली. लेखकाचं पुस्तक हातात घेतलं की आधी तो कुठल्या बाजूचा ते बघायचं. मला कोंकणीवाल्यांची भीती समजते, खरंच समजते. एखाद्या भाषेला पिढ्यान् पिढ्या बोली बोली म्हणून हिणवल्यावर ती जरा चिडकी होणारच, त्यात १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने तिचा वापरच बंद करायला निघाले होते, म्हणजे तिला घरचेही छळणार आणि बाहेरचेही. पण मराठीवाल्यांची पण एक जखम आहे आणि ती कोंकणीच्या मोठ्या मोठ्या लोकांना कधी नीट दिसली नाही. ती जातीची आहे. स्पष्टच बोलतो. १९६३ नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावागावांत, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा काढल्या. ज्यांच्या आधीच्या दहा पिढ्यांत कुणी पाटी धरली नव्हती त्या बहुजन घरातली मुलं त्या शाळांत गेली. त्यांच्यासाठी मराठी ही बाहेरची भाषा नव्हती, ती पहिल्यांदा वाचायला मिळालेली भाषा होती, सहीची भाषा होती, नोकरीच्या अर्जाची भाषा होती. उद्या कुणी त्यांना म्हणालं की तुमची ही भाषा परकी, तर त्यांना ते आपलं शिक्षणच काढून घेतल्यासारखं वाटणार. आणि असं म्हणणारे बरेचसे वरच्या जातीतले, ज्यांना पोर्तुगीजही येत होतं आणि इंग्रजीही.

विष्णू वाघ हे सगळं अंगावर घेऊन उभे राहिले. तिसवाडीतल्या डोंगरीचा माणूस, मराठीत नाटकं, मराठीत कविता, कोंकणीतही तेवढ्याच ताकदीने, वर पत्रकार आणि आमदार पण. त्यांचं 'सुदिरसूक्त' हे कोंकणीत आहे, हे लक्षात घ्या. जातीवर एवढं थेट आणि एवढं कडक कोंकणीत त्याआधी क्वचितच कुणी लिहिलं असेल. २०१७ साली पुरस्काराच्या निमित्ताने त्यावर वादळ उठलं, पोलिसांत तक्रारही झाली, आणि तेव्हा वाघ स्वतः अंथरुणाला खिळलेले, उत्तर द्यायच्या अवस्थेत नव्हते. २०१९ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्या कवितांची भाषा मला जागोजागी भडक वाटते, काही ठिकाणी शिवी ही नुसतीच शिवी राहते, कविता होत नाही. पण मुद्दा तो नाही. मराठीवाल्यांनी वाघांना 'आमचा नेता' म्हणून डोक्यावर घेतलं आणि त्यांचं सगळ्यात धारदार पुस्तक कोंकणीत आहे हे सोयीने विसरले. कोंकणीवाल्यांपैकी अनेकांना तो कवी आपला म्हणायला जड गेलं कारण तो मराठी राजभाषेच्या मंचावर बसायचा. दोन्हीकडून अर्धाच वाघ.

जे फक्त मराठीत राहिले त्यांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांच्यावर भांडण नाही, म्हणून त्यांची आठवणही नाही. सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी, दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' एका माणसाच्या जिद्दीवर उभा राहिला, त्यांच्या कथांवर मराठी सिनेमे निघाले, 'आत्मपुराण' हे त्यांचं आत्मचरित्र म्हणजे जुन्या सत्तरीचा, तिथल्या भिक्षुकी घराचा आणि बाहेर पडून पुण्यात धडपडण्याचा खजिना आहे. त्यांच्या पत्नी सुधाताईंनी १९५५ साली म्हापशाला पोर्तुगीजांच्या नाकावर टिच्चून गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं आणि तुरुंगात गेल्या. पुण्यात लोकांना शास्त्रीबुवा पुण्याचेच वाटतात, आणि आपण ते खोडूनही काढत नाही. बा. द. सातोस्कर, १९६२ साली सुरू झालेल्या 'गोमंतक' दैनिकाचे पहिले संपादक, 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती' हा त्यांचा तीन भागांचा ग्रंथ, गोव्यावर पुस्तक लिहिणारा प्रत्येक जण त्यातून उचलतो, काही जण नाव घेतात, काही घेत नाहीत. अ. का. प्रियोळकर १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, सुभाष भेंडे २००३ च्या कराड संमेलनाचे. अखिल भारतीय संमेलनं पण तीनदा आपल्याकडे झाली, १९३० आणि १९६४ ला मडगावात, १९९४ ला पणजीत. बोरकर मात्र कधीच अध्यक्ष झाले नाहीत. महाराष्ट्राला त्यांच्या कविता पाठ, त्यांचं कवितावाचन म्हटलं की पुलंपासून सगळे फिदा, पण खुर्ची नाही.

आता एक छोटी गोष्ट. फोंड्याकडच्या एका ग्रंथालयात मी रामाणींचं 'पालाण' शोधायला गेलो होतो. मराठी कपाटं डाव्या भिंतीला, कोंकणी उजव्या, मधे पेपर वाचणाऱ्यांचं टेबल. 'पालाण' नव्हतं, रजिस्टरात होतं पण कपाटात नव्हतं. 'दर्पणीचे दीप' सापडलं, पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पाठीवर चुन्याने लिहिल्यासारखा नंबर, मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का दहा-बारा वर्षांपूर्वीचा. मी विचारलं रामाणींचं अजून काही आहे का, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "मराठीत एवढंच. कोंकणीतलं हवं तर त्या कपाटात बघा, पण तिकडची चावी बाबकडे असते आणि तो आज रजेवर आहे." बाईंची काही चूक नाही. भाषावार कपाटं लावणं हे ग्रंथालयाचं कामच आहे. पण त्या दिवशी एकाच कवीचं दुसरं पुस्तक समोरच्या भिंतीला कुलपात, आणि मी इकडे उभा.

यावर उपाय अवघड नाही, अवघड आहे ती तयारी. समग्र रामाणी, समग्र लक्ष्मणराव, समग्र बोरकर असे ग्रंथ काढायचे, ज्यात दोन्ही भाषा एकाच पुठ्ठ्यात असतील, काळाच्या क्रमाने, मराठी विभाग वेगळा आणि कोंकणी विभाग वेगळा असं न करता, ज्या वर्षी जे लिहिलं ते त्या जागी. दोन्ही देवनागरीतच आहेत, वाचकाला लिपीची अडचण नाही, मराठी वाचणाऱ्या गोंयकाराला कोंकणी कळते आणि कोंकणी वाचणाऱ्याला मराठी कळते, हे आपण सगळे जाणतो, फक्त स्टेजवर कबूल करत नाही. (रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीवाल्यांचा आणि पोर्तुगीजमधून लिहिणाऱ्या गोंयकारांचा प्रश्न वेगळा आणि तोही मोठा आहे, त्यावर त्यांच्यातल्याच कुणी लिहावं.) पैसा म्हणाल तर मराठीच्या आणि कोंकणीच्या दोन्हीकडच्या संस्थांना सरकारी अनुदान मिळतं, त्यातलं थोडं थोडं एका ग्रंथासाठी बाजूला काढलं तर कुणाचं दिवाळं निघणार नाही. एखादं कमी संमेलन भरवा. संमेलनात मांडवाचा आणि जेवणाचाच खर्च किती होतो ते समितीवाल्यांना विचारा.

हक्कांचा प्रश्न येतो. लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, म्हणजे बोरकरांचं लेखन २०४४ संपेपर्यंत, लक्ष्मणरावांचं त्याहून दोन वर्षं पुढे. वारसांशी बोलावं लागेल, जुने प्रकाशक शोधावे लागतील, काहींच्या प्रती घरच्यांकडेही नसतील. हे कंटाळवाणं काम आहे, यात भाषण नाही, शाल नाही, म्हणूनच ते होत नाही.

विद्यापीठाबद्दल पण बोलायला हवं. आपल्या गोवा विद्यापीठात मराठी शिकवतात, कोंकणी शिकवतात, दोन्हीकडे चांगली माणसं आहेत. दोघांनी मिळून 'गोव्याचं साहित्य' असा एकच पेपर काढावा, मुलांनी दोन्हीकडून यावं, एक तास मराठीच्या मास्तरांनी घ्यावा आणि एक कोंकणीच्या. मराठीच्या मुलाने कोंकणीतले रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो वाचावेत, आपल्या एवढ्याशा गोव्यात दोन ज्ञानपीठवाले झाले आणि मराठीतून एमए केलेल्या मुलाला त्यांची दोन पुस्तकं माहीत नसतील तर कसं चालेल. आणि कोंकणीच्या मुलाने सातोस्कर आणि महादेवशास्त्री वाचावेत, कारण जुन्या गोव्याच्या घरांचं, देवळांचं, कर्मठपणाचं आणि गरिबीचं बरंच दप्तर मराठीत आहे, ते न वाचता गोवा कळत नाही.

विरोध दोन्हीकडून येईल हे धरूनच चाललंय. कोंकणीतले एक जुने कार्यकर्ते, माणूस फार चांगला, मला म्हणाले की हे ऐकायला गोड आहे पण एकदा एकत्र छापलं की वीस वर्षांनी कुणीतरी परत म्हणेल, बघा, कोंकणी मराठीतच बसते. मी त्यांना म्हटलं, बाब, जी भाषा अनुसूचीत आहे, जिला राज्य आहे, जिला दोन ज्ञानपीठं आहेत ती एका पुठ्ठ्याने बुडणार असेल तर मग तुमच्या एवढ्या वर्षांच्या कामावर तुमचाच विश्वास नाही. ते हसले, पण पटलं असं दिसलं नाही. मराठीवाले मित्र उलटं बोलतात, की आमची पुस्तकं कोंकणी अकादमीच्या शिक्क्याखाली गेली की आमचा गोव्यातला हक्कच गेला. मला हे कळत नाही. हक्क वाचणाऱ्याचा असतो, आणि वाचणारा तर दोन्हीकडे आटत चाललाय. आपली मुलं इंग्रजी मिडियमला, त्यांना ना हे वाचता येतं ना ते, आणि आपण इथे बोरकरांच्या वाटणीचा उतारा काढत बसलोय.

सुरुवात बोरकरांपासून मुळीच करू नका. त्यांच्यापासून केली तर पहिल्या बैठकीतच प्रस्तावना कुठल्या भाषेत यावरून दोघं उठून जातील. रामाणींपासून करा, त्यांच्यावर कुणाचा झेंडा लागलेला नाही, लेखन आटोपशीर आहे, एका ग्रंथात मावेल. आणि प्रस्तावना दोन घ्या. मराठीतल्या कुणा समीक्षकाने त्यांच्या कोंकणी कवितांवर लिहायचं आणि कोंकणीतल्या समीक्षकाने मराठी कवितांवर. दोघांनाही त्यासाठी दुसरं कपाट उघडावं लागेल, चावी कुणाकडे असते ती विचारून घ्यावी.